आयकलं जी

आमच्या भासऱ्यांशी मी उभ्या जन्मात एकदाच बोलली. दोन-चार शब्द, बस. ते म्या अजून विसरली नाई.

आमच्याकडे भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाई, त्याचं नाव घ्यायचं नाई, अन् बोलायचं तर मुळीच नाई. भाकर वाढायची असली तरी ताट जाऊबाईच्या हातात द्यायचं. लग्न होऊन किती वर्षं झालती, पण म्या त्याइचा चेहरा काई नीट पाह्यला नव्हता. आवाज मात्र साऱ्या गावाले पाठ होता. भैय्याजी कोतवाल. घेतलं नाव, घेऊ द्या आता. ज्या माणसाचा मान कोणीच ठेवला नाई, त्याचं नाव न घेऊन मी एकटी कोणता मान राखून राह्यली?

गाव आमचं अल्लीपूरच्या पल्याड. कोतवाल म्हणजे गावात सरकारचं तोंड. पाटलाकडे हुकूम आला का पाटील भैय्याजीले सांगे, अन् ते गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली फिरत. ढुम ढुम ढुम करून मंग, "आयका होऽऽ आयका!" जे सांगायचं ते सांगून शेवटी, "असा सरकारचा हुकूम हाय होऽऽ!" त्याइच्या बापानं तसंच म्हटलं होतं, आज्यानंही तसंच.

अन् आमच्या गावाची एक रीत होती. दवंडी झाली का हरेक घरातून कोणीतरी दारात येऊन म्हणायचं, "आयकलं जी!" तसं म्हटल्याबिगर कोतवाल पुढच्या दाराले जात नसे. एकदा म्हटलं का तुमी बांधले गेले, मंग मले माहीत नव्हतं म्हणायची सोय नाई. मालगुजाराच्या, जुन्या जमीनदाराच्या, वक्तापासूनची रीत ते. इंग्रज गेला, मालगुजारी गेली, पण आमचं 'आयकलं जी' काई गेलं नाई. खरं सांगू का, लोकाइले ते बरंच वाटे. आपल्या डोक्यानं काई ठरवायचंच नाई, मोठं सोपं काम!

त्या साली पहिलं मतदान होऊन गेलतं. बोटाले शाई लागलती तर बायका चार दिवस एकमेकीले बोट दाखवत होत्या. आपलं राज्य आलं म्हणे. राज्य आलं, पण लेव्ही तीच. घरोघरची ज्वारी मोजून सरकारात भरायची, घरात खायले पुरो का न पुरो. लेव्हीचं पोतं कमी पडलं का पोलीस ठाण्याचा जमादार दोन शिपाई घेऊन येई, अन् मंग कणगीत हात घालून, चुलीमागची माती उकरून पाहत. बायकाइसमोर काय काय बोलत ते मी तोंडानं सांगत नाई.

ते ज्वारी गोदामात न्यायले जंगूची बैलबंडी लागे. जंगू गोंडपुऱ्यातला. घरात गोंडी बोले, बाहेर आमच्यासारखं. बैलावर जीव, थोडी पिण्याची सवय, अन् तोंडाले लगाम नाई. त्यानं पाह्यलं का अर्धी पोती गोदामात जायच्या आधीच अल्लीपुरात एका शेटच्या कोठारात उतरते, अन् जमादार स्वतः उभा राहून उतरवते. त्यानं काई भाषण नाई केलं, बाप्पा! बाजारात चहा पिता पिता म्हटलं, "आमच्या लेकराइच्या तोंडची ज्वारी सरकार नाई खाऊन राह्यलं, शेट खाऊन राह्यला. आता आपलं राज्य हाय, सांगायले काय भेव?" चार लोक हासले. जंगूही हासला असन.

दोन दिवसानं भर दुपारी जमादार चावडीवर येऊन बसला. रूपराव पाटील संगं होतेच. भैय्याजीले हुकूम झाला, जंगूले घेऊन ये. भासरे गेले. जंगू बैलाले पाणी दाखवत होता. भासरे त्याले म्हणे, "दोन गोष्टी विचारतीन अन् सोडतीन, चाल लवकर." त्यानं बादली तशीच ठेवली अन् निघाला. बायकोले, सुंदराले म्हणे, "आलोच."

चावडीचं दार आतून लागलं. भैय्याजी भाईरच होते. जमादारानं खिडकीतून तोंड काढून सांगितलं, "डफडं आण अन् दारासमोर वाजव. मी सांगतो तवर थांबायचं नाई."

अन् ते वाजवू लागले.

मी घरी जात्यावर होती. म्या म्हटलं, दवंडी हाय. जाऊबाई आनंदाबाई पीठ झटकत दारात गेल्या. गल्लीतली सारी दारं उघडली. सगळे वाट पाहून राह्यले का आता "आयका हो" येईन. येईच ना! ढुम ढुम ढुम, नुसतं डफडं. लोक चावडीकडे गेले, मीही पदर ओढून मागं गेली. भासरे उन्हात उभे, घामानं न्हाले, नजर खाली, अन् हात चालूच. डफड्याच्या मधात मधात आतून काईतरी येत होतं. ते काय होतं हे चावडीसमोर उभ्या असलेल्या हरेक माणसाले समजलं, अन् हरेक माणूस उभाच राह्यला. आमचा माणूस, माझा नवरा नत्थू, म्या पाह्यला, दोन्ही हात बगलेत घालून उभा होता. मंग एक एक जण सरकून घरी गेला. डफडं उन्हं कलली तवा थांबलं.

दुसऱ्या दिवशी जंगू गावविहिरीत सापडला. त्या विहिरीले छातीइतकी पाळ होती. तिच्यातून पडायचं म्हटलं तर आधी चढावं लागते! पण दवंडी झाली. भैय्याजीच फिरले, दुसरं कोण फिरणार? "आयका होऽऽ! जंगू दारू पिऊन विहिरीत पडला. पाणी उपसल्याबिगर कोणी भरू नये. असा सरकारचा हुकूम हाय होऽऽ!" अन् दारादारातून, "आयकलं जी! आयकलं जी!" काल जे कान डफडं ऐकून आले होते, तेच कान. मले तर असं झालं का जात्याचा खुंटा उपटून एकेकाच्या टाळक्यात घालावा.

फक्त सुंदरा बोलली नाई. तिनं मेलेल्या जंगूले न्हाऊ घातलं होतं, पाठ पाह्यली होती, तळपाय पाह्यले होते. भैय्याजी तिच्या दारात दवंडी देऊन उभे राह्यले. तिनं इतकंच विचारलं, "तूच वाजवत होता ना?" भासरे तसेच माघारी आले. त्या दिवसापासून ताट जसं जाई तसंच परत येई. जाऊबाई म्हणत, "तुमी काय केलं? हुकुमाचे ताबेदार तुमी. गप राहा, नाईतर आपलं चौघाइचं पोट जाईन." ते गपच होते, तो गप माणूस काय आणखी गप राहीन!

सुंदरा पायी पायी वर्ध्याले गेली. कोण्या वकिलाच्या ओट्यावर दोन दिवस बसून राह्यली, तवा त्यानं अर्ज करून दिला. अन् काय नवल, मोठा साहेब चौकशीले येतो असा निरोप आला! पाटील अन् जमादाराचं धाबं दणाणलं. जमादार घरोघर फिरून सांगून गेला, "जंगू पिऊन पडला, एवढंच बोलायचं. जास्त तोंड उघडलं तर विहीर काई बुजली नाई." लोकाइनं माना हलवल्या. मंग पाटील साहेबाले आणायले बंडी जुंपून हिंगणघाटले गेले, जमादारही संगं गेला. जाता जाता पाटलानं भैय्याजीले सांगितलं, "उद्या सगळ्याइनं चावडीवर हजर राहावं, अशी दवंडी दे."

भासऱ्याइनं डफडं घेतलं. म्या दाराआडून ऐकलं, आवाज अगदी मोकळा. आमच्याच दारापासून सुरुवात केली.

"आयका होऽऽ आयका! उद्या साहेब येऊन राह्यले. सगळ्याइनं चावडीवर यावं. अन् जे खरं हाय तेच सांगावं! जंगू विहिरीत पडला नाई. जंगूले चावडीत मारलं. मले भाईर डफडं वाजवायले लावलं, ते तुमी समद्याइनं ऐकलं. ते सांगावं! असा सरकारचा हुकूम हाय होऽऽ!"

शेवटचं ते वाक्य! ते मुद्दाम म्हणले का जिभेच्या सवयीनं निघून गेलं, देव जाणे. जाऊबाई मरेपर्यंत म्हणत होत्या का सवयच ते, त्याइच्या तोंडातून दवंडी दुसऱ्या कशानं संपूच शकत नव्हती. मले वाटते, त्याइले गाव माहीत होतं, हुकुमाबिगर तोंड उघडणार नाई ते. पण तिथंच घात झाला.

कारण लोकाइले काय वाटलं? सरकारचा हुकूम! आधी चार जण दारात दचकून उभे राह्यले. मंग कोणी म्हटलं, जमादार बोलला ते तोंडी, हे तर दवंडी हाय. दवंडी मोठी का जमादार मोठा? अन् एका दारातून आलं, "आयकलं जी!" मंग दुसऱ्या. मंग साऱ्या गल्लीतून. लोकाइचे चेहरे असे खुलले का काय सांगू! इतके दिवस पोटात दगड घेऊन फिरत होते, आता सरकारनंच सांगितलं, टाका म्हणून. संध्याकाळी पारावर नत्थू मोठ्यानं सांगत होता, "अरे, पाठ फोडून काढली होती त्याची, म्या आवाज ऐकला ना!" आता ऐकला तुनं! भर दुपारी काय बगलेत हात घालून झोपला होता का?

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, चष्मेवाले, बोलायले गोड. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. सुंदराले खाली बसा म्हणले. तिले पाणी दिलं. अन् गाव बोलू लागलं. एक उठे, सांगे, जंगूले चावडीत मारलं साहेब. दुसरा उठे, डफडं वाजत होतं साहेब. बायाही बोलल्या. जमादार घाम पुसत होता. सुंदरा डोक्यावरचा पदर सावरून एकेकाच्या तोंडाकडे अशी पाहत होती का तिले विश्वासच बसत नव्हता. मले रडू आलं हो. म्या म्हटलं, सुटली बाई, हिचा माणूस तर आता येत नाई, पण दारुड्या म्हणून तरी नाई गेला.

मंग साहेबानं चष्मा काढला अन् नत्थूले विचारलं, "इतके दिवस तुम्ही का बोलला नाहीत?"

आमचा माणूस छाती काढून म्हणतो, "तवा हुकूम नव्हता ना साहेब."

"कसला हुकूम?"

"हेच सांगायचा. काल दवंडी झाली. जंगूले चावडीत मारलं असं सांगा म्हणून. सरकारचा हुकूम हाय."

साहेबाचा चेहराच उतरला. त्याइनं साऱ्याइकडे पाह्यलं. "सगळ्यांना असंच सांगायला सांगितलं होतं?"

सारं गाव एका तोंडानं म्हणालं, "हो जी!" किती आनंदानं म्हणाले! आपण हुकूम पाळला, शाबासकी भेटन. अरे बैताडहो, समोर बसलेली सुंदरा कशी नाई दिसली तुमाले?

"अन् दवंडीत दुसरं काही सांगितलं असतं तर?" साहेब आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गंगाले विचारते.

गंगा हात जोडून म्हणे, "तर ते सांगितलं असतं, मायबाप."

जमादारानं रुमाल खिशात टाकला. त्याले आता घाम पुसायची गरज नव्हती.

साहेबानं भैय्याजीले समोर बलावलं. "तू डोळ्यांनी पाहिलं?"

"दार बंद होतं जी."

"मग कानांनी ऐकलं?"

खोटं बोलायचं असतं तर तवाच बोलायचं होतं, एक 'हो' म्हटलं असतं तर बस होतं. पण त्या दिवशी खरं सांगायचंच म्हणून आला होता तो माणूस. म्हणे, "मीच वाजवत होतो साहेब. डफड्यात मले नीट ऐकू नाई आलं. पण मारलं जी त्याले, म्याच बलावून नेलं होतं."

झालं. पढवलेले साक्षीदार म्हणे. साहेब उठले. जाता जाता सुंदराले म्हणे, "बाई, मला वाईट वाटतं, पण यात आता काही उरलं नाही." अन् सरकारचं नाव घेऊन खोटी दवंडी दिली म्हणून भैय्याजीच्या हाताले त्याच चावडीत दोरी बांधली. लोक पाहत राह्यले. हुकूम काय हाय, कोणाले समजेच ना.

भासरे उन्हाळाभर कोठडीत होते. कोतवाली आमच्या माणसाले भेटली. "घरातलं काम घरातच राह्यलं," असं म्हणाला नत्थू मले. म्या त्या दिवशी चूल पेटवली नाई. खाय म्हटलं, डफडं खाय.

पहिलं पाणी पडायच्या आधी भैय्याजीले सोडलं. सोडलं म्हणजे जमादार स्वतः घेऊन आला. शर्त अशी का जी दवंडी दिली ते गावभर फिरून परत घ्यायची, त्याच तोंडानं. पण तोंडात काई राह्यलंच नव्हतं. ओठ हालत, भाईर येई तो नुसता घोगरा वारा. काय केलं होतं त्याइचं, त्याइनं कोणाले सांगितलं नाई. जमादार थुंकला अन् म्हणे, "बरं, तू वाजव. तुहा भाऊ बोलते."

मोठ्या भावाच्या गळ्यात डफडं, अन् धाकटा भाऊ मागून ओरडते, "आयका होऽऽ! जंगू दारू पिऊनच विहिरीत पडला. भैय्याजी कोतवालाची दवंडी खोटी होती. असा सरकारचा हुकूम हाय होऽऽ!" आमच्या दारापासूनच. जाऊबाईनं भिंतीले धरून म्हटलं, "आयकलं जी." जमादारानं माझ्याकडे बोट केलं, "अन् हे?" नत्थू घाईनं म्हणे, "ते भासऱ्यासमोर बोलत नाई जी, रीत हाय." जमादार हासला, म्हणे, "रीत हाय तर राहू द्या." ज्या रिती त्याले चालत होत्या, त्या तो राहू देई.

मी मागं मागं गेली. दारादारातून तेच. "आयकलं जी. आयकलं जी." कोणी भासऱ्यांकडे पाहत नव्हतं. शेवटी गोंडपुरा. सुंदरा दारात उभी होती. दवंडी झाली. ती गप.

जमादाराले माहीत होतं का साऱ्या गावातून एवढं एकच घर राह्यलं होतं, पहिल्या दवंडीच्या वक्ती बी. तो सुंदराले काई बोलला नाई. भैय्याजीले म्हणे, "हिचं येत नाई तवर वाजवत राय." अन् जंगूच्याच बंडीच्या धुरेवर जाऊन बसला.

ढुम ढुम ढुम. ऊन चढलं. भासऱ्याइच्या मनगटाले दोरीच्या जखमा होत्या, त्या उकलल्या, डफड्यावर लाल डाग पडू लागले. त्याइनं डोळे मिटून घेतले होते. तेच डफडं, तशीच दुपार, अन् गाव तसंच भोवती उभं. सुंदरा त्या हाताकडे पाहत होती. जंगूले नेलं तवापासून तिले किती तळतळाट झाला असन ह्या हाताचा! पण तिच्यानं नाई पाहवलं. तिनं तोंडावर पदर घेतला अन् म्हटलं, "आयकलं जी."

जमादार उठला, टोपी घातली, चालू लागला. लोकही पांगले.

पण डफडं थांबलं नाई. भासऱ्याइले ऐकूच आलं नव्हतं. सुंदरा परत म्हटली, मोठ्यानं, "आयकलं जी!" ते वाजवतच होते. ती रडत ओरडली, "आयकलं, आयकलं म्हणते ना मी!" नत्थू तर जमादाराच्या मागं निघून गेला होता. कोणी पुढं होईना.

तवा म्या पदर मागं टाकला, भासऱ्याइसमोर जाऊन उभी राह्यली, त्याइचे दोन्ही हात धरले अन् म्हटलं, "बस करा. ती म्हटली."